गल्ला वेगळा, तिजोरी वेगळी: क्रिप्टो वॉलेट बनावट वेबसाइटपासून कसं वाचवायचं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण क्रिप्टो वॉलेट आणि बनावट वेबसाइट हा विषय घेतला. स्क्रीनवर दाखवायचंच इतकं होतं की माझं स्वतःचं मत नीट मांडता आलं नाही. ते इथे लिहितोय. दहा मिनिटं काढून वाचा, आणि घरात ज्याच्याकडे वॉलेट आहे त्यालाही वाचायला द्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. क्रिप्टो घ्या किंवा घेऊ नका, यावर मी बोलत नाही. कोणतं कॉइन वर जाणार हे सांगणं माझं काम नाही. पण आपल्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरात आज वॉलेट आहे. कुणी २०२१ च्या तेजीत थोडं घेऊन ठेवलंय, कुणाच्या मुलाला परदेशातला क्लायंट डिझाइनच्या कामाचे पैसे यूएसडीटीत पाठवतो. ते कायद्यात आणि हिशेबात कसं बसवायचं हे तुमच्या सीएला विचारा. जे आहे ते चोरीला जाऊ नये, एवढाच आजचा विषय.

त्यावर माझं मत असं आहे: "वेबसाइट नीट बघून क्लिक करा, सावध राहा" हा सल्ला चुकीचा नाही, पण नुसत्या त्याच्या भरवशावर पैसे ठेवणं चुकीचं आहे. सावध माणूससुद्धा कधीतरी दमलेला असतो, घाईत असतो. चोराला तेवढी एकच वेळ पुरते. म्हणून व्यवस्था अशी हवी की चुकून बनावट साइटवर गेलो, तरी तिथे गमवायला आपल्या हातात फारसं काही नसेल.

दुकान चालवणाऱ्याला ही गोष्ट नवीन नाही. गल्ल्यावर माणूस बसवला म्हणून आपण दिवसभर त्याच्या हाताकडे बघत बसत नाही. गल्ल्यात दिवसापुरती रोकड ठेवतो, बाकीची तिजोरीत किंवा बँकेत. तिजोरीची किल्ली आपल्याकडे. रात्री हिशेब जुळवतो. म्हणजे भरवसा नजरेवर नसतो, पद्धतीवर असतो. मग तोच दुकानदार मोबाइलमध्ये मात्र सगळी पुंजी एकाच वॉलेटमध्ये ठेवतो आणि तेच वॉलेट दिसेल त्या साइटला जोडतो, हे काही बरोबर नाही.

बँकेत चुकलं तर दार असतं, इथे नाही

आधी हे समजून घ्या की चूक झाली तर काय होतं. बँकेच्या खात्यातून ऑनलाइन चोरी झाली तर काय, यावर रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, बाहेरच्या कुणीतरी केलं, आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्यानुसार तुमची जबाबदारी शून्य. अगदी तुम्हीच ओटीपी दिला असला तरी, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. व्यवहारात किती चपला झिजवाव्या लागतात ते सोडा, पण निदान एक दार आहे, ज्यावर थाप मारता येते.

स्वतःच्या क्रिप्टो वॉलेटला असं दार नाही. मॅनेजर नाही, शाखा नाही, व्यवहार उलटा फिरवणारं कुणी नाही. १ एप्रिल २०२२ पासून सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतं, पण कर घेतला म्हणजे संरक्षण दिलं असं होत नाही. हा गैरसमज मी फार लोकांच्या बोलण्यात ऐकतो.

आणखी एक फरक. बँकांच्या बनावट साइट इतक्या वाढल्या की रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर यायला सांगितलं. हा शेवट बँकेशिवाय दुसऱ्या कुणाला मिळत नाही. क्रिप्टोमध्ये असा राखीव पत्ता कुठेच नाही. कुणीही उठावं, हजार-पाचशे रुपयांत हवं ते नाव घ्यावं आणि रात्रीत साइट उभी करावी.

डोळे कुठे कमी पडतात

"स्पेलिंग बघा" असं सगळे सांगतात. चला, स्पेलिंगच बघू.

कॉइनबेस या अमेरिकन एक्स्चेंजची व्यावसायिक ट्रेडिंगची साइट होती 'प्रो डॉट कॉइनबेस डॉट कॉम'. चोरांनी बनवली 'कॉइनबेसप्रो डॉट कॉम'. स्पेलिंगमध्ये एकही चूक नाही, फक्त शब्द मागेपुढे केले. लोकांनी तिथे लॉगिन टाकलं, मग 'कस्टमर केअर'वाल्यांनी त्यांच्याकडून कोड काढून घेतले, काहींच्या कॉम्प्युटरचा ताबाही घेतला. या कटात ३.७ कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली आणि त्यातल्या एका भारतीय तरुणाला ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने ५ वर्षांची शिक्षा दिली.

यातून एक कामाची गोष्ट शिका. वेबसाइटचा पत्ता मागून वाचायचा असतो. डॉट कॉमच्या लगेच आधी जो शब्द आहे तो मालक. त्याच्याही आधी डॉट देऊन जे लिहिलंय ते मालकाच्या इमारतीतला गाळा. 'प्रो डॉट कॉइनबेस' मध्ये मालक कॉइनबेस. 'कॉइनबेसप्रो' मध्ये मालक भलताच कुणीतरी.

पण हे शिकूनही पुरत नाही. २०१८ मध्ये बायनान्सच्या ग्राहकांसाठी जी बनावट साइट होती, तिच्या पत्त्यात अक्षरं तीच होती, फक्त दोन अक्षरांखाली बारीक टिंब. मोबाइलच्या स्क्रीनवर ते टिंब म्हणजे काचेवरची धूळ वाटते. आपल्याकडे बारीक टायपात 'घ' आणि 'ध' कसे सारखे दिसतात, तसाच प्रकार. रशियन लिपीतला 'ए' आणि इंग्रजीतला 'ए' तर दिसायला अगदी एकच असतात. तिथे चष्मा लावूनही उपयोग नाही.

मग कुलपाचं चिन्ह बघा म्हणतात. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या मोबाइलपासून त्या साइटपर्यंतचं बोलणं मध्येच कुणी वाचत नाही. समोरचा प्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ नाही. चोराच्या साइटलाही ते कुलूप फुकट मिळतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून गुगलने २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधून ते चिन्ह काढूनच टाकलं.

बरं, पत्ता शंभर टक्के बरोबर असेल तर? २४ एप्रिल २०१८ ला मायइथरवॉलेट वापरणाऱ्यांनी बरोबर पत्ता टाकला, तरी जवळपास दोन तास त्यातले काही जण चोराच्या साइटवर पोहोचत होते. चोरांनी इंटरनेटवरची वाट सांगणारी पाटीच फिरवली होती. ब्राउझर इशारा देत होता, पण लोकांनी तो बाजूला सारला. सुमारे दीड लाख डॉलर गेले.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण २१ फेब्रुवारी २०२५ चं. बायबिट हे जगातल्या मोठ्या एक्स्चेंजपैकी एक. त्यांची तिजोरी उघडायला अनेक जणांच्या सह्या लागायच्या. ज्या वेबसाइटवर ते सह्या करायचे ती खरीच होती, पण तिच्या आत चोरांनी कोड बदललेला होता. स्क्रीनवर दिसत होता नेहमीचा व्यवहार, सही होत होती भलत्याच कागदावर. सुमारे १५० कोटी डॉलर गेले. अमेरिकेच्या एफबीआयने यात उत्तर कोरियाचं नाव घेतलं.

आता मला सांगा, रोज हेच काम करणारी माणसं स्क्रीनवर विश्वास ठेवून फसतात, तर दुपारी दीड वाजता काउंटरवर तीन गिऱ्हाईकं उभी असताना तुम्ही मोबाइलवर आलेली लिंक कितीशी तपासणार?

समोर भुरटा चोर नाही, धंदा आहे

आपण समजतो की कुठेतरी एखादा पोरगा अंधाऱ्या खोलीत बसून हे करतोय. प्रत्यक्षात हा आपल्यापेक्षा जास्त शिस्तीत चालणारा धंदा आहे. इन्फर्नो ड्रेनर नावाचं एक प्रकरण बघा. नोव्हेंबर २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या एका वर्षात ग्रुप-आयबी या सुरक्षा कंपनीला त्याच्याशी जोडलेले १६,००० हून जास्त वेबसाइट पत्ते सापडले. चोरीचा अंदाज ८ कोटी डॉलरहून जास्त.

याचं बिझनेस मॉडेल ऐका. मूळ टोळी सॉफ्टवेअर बनवायची, वॉलेट रिकामं करणारं. ते दुसऱ्या चोरांना द्यायची. ते चोर साइट उभ्या करायचे, गिऱ्हाईक आणायचे. चोरीच्या मालातला साधारण २० टक्के वाटा मूळ टोळीचा. म्हणजे सरळ फ्रँचायझी! वडापावची असावी तशी.

गिऱ्हाईक आणायला हे लोक जाहिरातीसुद्धा देतात. २०२१ च्या शेवटी चेक पॉइंट या कंपनीने दाखवून दिलं की मेटामास्क, फँटम अशा वॉलेटची नावं गुगलवर शोधली की वरती चोरांच्या पैसे भरून दिलेल्या जाहिराती येत होत्या. तेव्हा थोड्याच दिवसांत ५ लाख डॉलरहून जास्त गेले होते.

यादीसुद्धा मिळवतात. लेजर या हार्डवेअर वॉलेट कंपनीच्या ऑनलाइन दुकानाचा डेटा २०२० मध्ये चोरीला गेला. सुमारे पावणेतीन लाख ग्राहकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर बाहेर आले. पुढे काही जणांच्या घरी चक्क पोस्टाने बनावट उपकरणं आली, सोबत कंपनीच्या नावाचं पत्र, की "सुरक्षेसाठी नवीन घ्या, जुन्याचे शब्द यात टाका".

एवढी तयारी करून समोरचा बसलाय. त्याला "मी हुशार आहे, मी फसणार नाही" हे उत्तर होऊ शकत नाही. धंद्याला धंद्याच्या पद्धतीनेच उत्तर द्यावं लागतं.

त्यांना फक्त दोन गोष्टी हव्यात

साइट कितीही प्रकारच्या असोत, शेवटी त्या दोनपैकी एक गोष्ट मागतात. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी लढाई जिंकली.

पहिली गोष्ट किल्ली. वॉलेट तयार करताना तुम्हाला १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. बहुतेक वॉलेटमध्ये ते २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात. ते शब्द म्हणजेच तुमचं वॉलेट. मोबाइलवरच्या ॲपचा पासवर्ड हे फक्त त्या मोबाइलचं कुलूप. शब्द ज्याच्याकडे गेले, तो जगात कुठेही बसून तुमचं वॉलेट उघडतो, त्याला तुमचा मोबाइल लागत नाही, पासवर्ड लागत नाही. आणि हे शब्द बदलता येत नाहीत. एकदा बाहेर गेले की ते वॉलेट संपलं, नवीन काढून माल तिकडे हलवायचा, एवढाच उपाय.

म्हणून बनावट साइट म्हणते: "तुमचं वॉलेट व्हेरिफाय करा", "केवायसी अपडेट करा", "सिंक होत नाहीये, शब्द टाका". "आज रात्री ९.३० वाजता वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" हा महावितरणच्या नावाने फिरलेला मेसेज आठवतोय ना? तोच खेळ, फक्त कपडे वेगळे.

दुसरी गोष्ट सही. ही जास्त अवघड आहे आणि याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. इथे चोर तुमचे शब्द मागतच नाही. तो म्हणतो "वॉलेट कनेक्ट करा, फुकट टोकन घ्या". तुम्ही कनेक्ट करता, मग एक खिडकी उघडते: परवानगी द्या. आपण बोटाने दाबतो. त्या परवानगीचा अर्थ असतो की माझ्या वॉलेटमधलं अमुक टोकन या समोरच्याला हवं तेव्हा, हवं तेवढं उचलू द्या. पुष्कळदा ती अमर्याद असते. म्हणजे सही करून दिलेला कोरा चेक, ज्यावर रक्कमही नाही आणि तारीखही नाही.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये बॅजरडाओ या खऱ्या साइटवर चोरांनी आपला कोड घुसवला आणि वापरणाऱ्यांकडून अशाच परवानग्या गोळा केल्या. लगेच काही नेलं नाही. चेक जमा झाले, मग एका दिवशी सगळे वटवले. नुकसान सुमारे १२ कोटी डॉलर.

इथे दोन गैरसमज दूर करा. एक, साइटवरून 'डिस्कनेक्ट' केलं म्हणजे परवानगी रद्द झाली, असं नाही. चेक तिकडेच आहे, तुम्ही फक्त दुकानातून बाहेर पडलात. दोन, "फी लागत नाही, नुसती सही आहे" म्हणजे सुरक्षित, असंही नाही. काही टोकनमध्ये फुकटच्या सहीनेसुद्धा पूर्ण परवानगी जाते. उलट फी न लागल्यामुळे माणूस बेसावध राहतो.

माझे सहा नियम

हे नियम पाळायला टेक्निकल ज्ञान लागत नाही, दुकान चालवण्याची शिस्त लागते.

१. गल्ला वेगळा, तिजोरी वेगळी. दोन वॉलेट करा. गल्ल्याच्या वॉलेटमध्ये तेवढंच ठेवा जेवढं गेलं तर रात्री झोप लागेल. नवीन साइट, नवीन प्रयोग, सगळं त्यातून. तिजोरीचं वॉलेट कोणत्याही साइटला कधीच जोडायचं नाही. त्यात माल येतो, आणि गरज पडली तर गल्ल्यात जातो, बस. आणि दोन्हींचे शब्द वेगळे हवेत. एकाच वॉलेटमध्ये दोन खाती उघडली तर किल्ली एकच राहते. ती गेली की दोन्ही गेली.

२. शब्द कागदावर, कीबोर्डवर नाही. शब्दांचा फोटो नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं नाही, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये नाही. फोनमधला फोटो आपोआप क्लाउडवर चढतो. कागदावर लिहा, दोन प्रती, दोन जागी. शब्द टाकायची वेळ एकच: नवीन फोनवर किंवा उपकरणावर तुम्ही स्वतः ठरवून वॉलेट परत चालू करता तेव्हा. कुणी मागितले म्हणून टाकायचे, अशी वेळ नसते. खरी कंपनी ते कधी मागत नाही. या नियमाला अपवाद नाही.

तिजोरीत मोठी रक्कम असेल तर हार्डवेअर वॉलेट घ्या. काही हजारांत मिळतं आणि किल्ली इंटरनेटपासून लांब राहते. फक्त कंपनीकडून नवीन घ्या, वापरलेलं नाही. खोक्यात शब्द आधीच छापून आले असतील तर ते उपकरण वापरूच नका. आणि लक्षात ठेवा, हार्डवेअर वॉलेट किल्ली वाचवतं, चुकीची सही वाचवत नाही. सही तुम्हीच करता.

३. जायचा रस्ता एकच. ज्या साइट लागतात त्या ब्राउझरमध्ये बुकमार्क करा आणि कायम तिथूनच जा. गुगलवर नाव शोधायचं नाही, मेसेजमधली लिंक नाही, टेलिग्रामवरच्या 'सपोर्ट'ची तर अजिबात नाही. पहिल्यांदा पत्ता घेताना दोन ठिकाणी ताडून घ्या. आणि ब्राउझरने लाल इशारा दिला तर तिथेच थांबा, "तरीही पुढे जा" दाबू नका.

४. ताडायचं काम मशीनला द्या. एक्स्चेंजवर खातं असेल तर पासवर्ड मॅनेजर वापरा. तो पत्ता अक्षर न् अक्षर जुळला तरच पासवर्ड भरतो. टिंबाने तो फसत नाही. त्याने पासवर्ड भरला नाही तर हाताने टाकायची घाई करू नका, तो तुम्हाला काहीतरी सांगतोय. एक्स्चेंजवर 'पासकी'ची सोय असेल तर ती चालू करा, ती बनावट पत्त्यावर चालतच नाही. ओटीपी मात्र चालतो. तुम्ही बनावट साइटवर ओटीपी टाकला की चोर तो पुढच्या सेकंदाला खऱ्या साइटवर टाकतो.

५. कळलं नाही तर सही नाही. दुकानात न वाचता चेकवर सही करता का? मग इथे का करता? परवानगीच्या खिडकीत रक्कम बदलायची सोय असते, लागेल तेवढीच टाका. खिडकीत काय लिहिलंय ते कळत नसेल तर 'रिजेक्ट' दाबा. नाही म्हटल्याने नुकसान होत नाही. आणि महिन्यातून एकदा, जीएसटीचं रिटर्न भरायच्या दिवशीच, जुन्या परवानग्या तपासा. रिव्होक डॉट कॅश किंवा इथरस्कॅनवर ही सोय आहे. रद्द करायला थोडी फी लागते, ती दुकानाच्या कुलपाचा खर्च समजा. फक्त तिथेही बुकमार्कवरूनच जा, कारण परवानग्या रद्द करून देणाऱ्या बनावट साइटही आहेत.

६. दुकानाचा कॉम्प्युटर वेगळा. ज्या मशीनवर बिलं निघतात, पोरं व्हॉट्सॲप वेब उघडतात, गिऱ्हाईकाच्या पेनड्राइव्हमधून प्रिंट काढतात, त्या मशीनवर वॉलेट नको. जुना का होईना, वेगळा लॅपटॉप ठेवा. आणि मोठ्या रकमेचा व्यवहार दुकान चालू असताना करायचाच नाही. रात्री, घरी, शांतपणे. "लगेच करा नाहीतर वॉलेट बंद होईल" असं कुणी म्हणालं, की उद्या सकाळी बघू म्हणायचं.

"एवढं कोण करत बसणार?"

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. रास्त आहे. माझं उत्तर थोडं कडक आहे: एवढं करायची तयारी नसेल तर स्वतःच्या वॉलेटमध्ये मोठी रक्कम ठेवू नका. स्वतःच स्वतःची बँक व्हायचं म्हणजे वॉचमन, कॅशियर आणि मॅनेजर तिन्ही आपणच. ते काम नको असेल तर पद घेऊ नये. यात कमीपणा काही नाही.

मग काही जण म्हणतात, सगळं एक्स्चेंजवर ठेवतो, डोक्याला ताप नाही. ताप तिथेही आहे, फक्त दुसऱ्या प्रकारचा. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्समधून २३ कोटी डॉलरहून जास्त किमतीचं क्रिप्टो चोरीला गेलं, आणि ज्या ग्राहकांनी कोणत्याही चुकीच्या लिंकवर बोट ठेवलं नव्हतं त्यांचं क्रिप्टोही वर्षाहून जास्त काळ अडकलं. म्हणून मी एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवा असं कुणालाच सांगत नाही. रक्कम छोटी असेल तर चांगल्या एक्स्चेंजवर, पासकी लावून. मोठी असेल तर तिजोरी आणि शिस्त. आणि धंद्याचं खेळतं भांडवल, म्हणजे ज्यातून होलसेलवाल्याचं बिल आणि पोरांचा पगार जातो, ते यात नकोच.

झालंच तर काय करायचं

शब्द दिले गेले असतील तर त्या वॉलेटमध्ये एक रुपयाही नवीन टाकू नका. चोराचं सॉफ्टवेअर टपून बसलेलं असतं, आलं की उचलतं. जे उरलंय ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावर काढलेल्या नवीन वॉलेटमध्ये हलवा. चूक फक्त परवानगीची असेल तर ती लगेच रद्द करा आणि उरलेलं हलवा. व्यवहाराचे क्रमांक, साइटचा पत्ता, चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. १९३० या हेल्पलाइनला फोन करा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. क्रिप्टो परत मिळेलच असं मी सांगणार नाही. पण चोराने माल एखाद्या एक्स्चेंजवर नेला तर तो गोठवायची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

आणि त्यानंतर "तुमचे गेलेले कॉइन परत आणून देतो" म्हणणारे येतील. आधी फी मागतील. ती दुसरी चोरी असते.

शेवटी एक विनंती. ज्याचं गेलंय त्याला हसू नका. "एवढा शिकलेला आणि फसला?" हे वाक्य आपल्याकडे फार पटकन तोंडात येतं. त्या लाजेपायी माणूस घरात बोलत नाही, तक्रार करत नाही, आणि गेलेलं भरून काढायला आणखी खोलात जातो. दुकानात चोरी झाली तर आपण मालकाला मूर्ख म्हणत नाही, कुलूप कुठलं होतं ते विचारतो. इथेही तेच विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ छोटा आहे. आज रात्री दुकान बंद केल्यावर दोन कामं करा: तिजोरीचं नवीन वॉलेट काढून शब्द कागदावर लिहा, आणि जुन्या वॉलेटने किती परवानग्या देऊन ठेवल्यात ते मोजा. आकडा बघून दचकाल. दचकलात की लगेच नको त्या रद्द करायला घ्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा सांभाळा, गल्ला सांभाळा!